फुटका चिकू

हिरकणी सावेला जन्मात एक माणूस पसंत पडला नाही, आणि यात सगळी चूक तिचीच होती असं म्हणवत नाही. माणसंच तशी होती. झाईच्या अलीकडे, समुद्र आणि रेल्वेचे रूळ यांच्या मधल्या पट्ट्यात जे गाव आहे, तिथे चिकू उत्तम होतो, नारळ बरा होतो, माणूस मात्र जेमतेम होतो. हे हिराताईचं मत. गावाचं तिच्याबद्दलचं मत विचाराल तर गाव आधी मागे वळून बघतं, ती जवळपास नाही ना याची खात्री करतं, आणि मग म्हणतं, "बाई कामाची आहे हो. पण जीभ! जीभ नव्हे, कोयता."

बापाची वाडी मोठी, मुलगा नाही, ही एकुलती. परकर घालायच्या वयात बापानं तिला चिकूच्या ढिगापाशी बसवलं आणि निवडायला शिकवलं. मोठा चिकू इकडे, मध्यम तिकडे, बारका त्याच्या पलीकडे. आणि झाडावरून उतरवताना पडून ज्याची साल फुटली असेल तो पाठीमागे फेकायचा, गुरांना. "एक फुटका आत गेला ना हिरे, तर दिल्लीला पोचेपर्यंत सगळी पेटी आंबते," बाप म्हणायचा. पोरगी हुशार निघाली. चिकू हातात घेतला न घेतला तोच तिला कळायचं. मग तिनं चिकूवरच का थांबावं? ती माणसंही निवडायला लागली. फरक एवढाच, की माणसांच्या ढिगात तिला फुटकेच जास्त सापडले.

स्थळं काय कमी आली होती? उंबरगावकडचा एक आला, तो चहा बशीत ओतून असा ओढायचा की गोठ्यातली म्हैस वळून बघत होती. फुटका. डहाणूचा एक आला, त्यानं तुळशीपाशी तंबाखू थुंकली. फुटका. पालघरच्या कचेरीत नोकरी असलेला एक आला, त्यानं एका पोह्याच्या बशीत आपण सरकारी माणूस असल्याचं इतक्या वेळा सांगितलं, की हिराताई म्हणाली, "मग सरकारलाच सांगा मुलगी बघायला." तोही गेला.

आणि मग शेजारचा हरिश्चंद्र चुरी. दोन्ही वाड्यांच्या मध्ये एक तारेचं कुंपण, एवढंच काय ते अंतर. मुलगा कष्टाळू, निर्व्यसनी, झाडावर खारीसारखा चढायचा. पण गावच्या नाटकात काम करायचा. नुसतं काम नव्हे, राजकुमाराचं काम! तोंडाला पावडर फासून, मखमलीची चड्डी घालून, "हे प्राणप्रिये" म्हणून ओरडायचा. त्याचा बाप पेढे घेऊन मागणी घालायला आला तेव्हा हिराताई अंगणात ढिगापाशीच बसली होती. तिच्या बापाला स्थळ मनापासून आवडलं होतं. त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "काय गं हिरे?" तिनं मानही वर केली नाही. एक चिकू मागे फेकला आणि म्हणाली, "बाबा, फुटका चिकू पेटीत घालायचा नसतो, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

हरिश्चंद्र पेढ्यांचं ताट धरून उभा होता. आधी तोच हसला. मनापासून, मोठ्यानं हसला. याचाच हिराताईला कायमचा राग आला. या माणसाला अपमानसुद्धा धड करून घेता येत नव्हता!

पुढे हरिश्चंद्रानं घोलवडच्या संगिताशी लग्न केलं. संगिता गुणी, अबोल, कुंपणावरून भाजी देणारी. तिच्यात खोड काढायला हिराताईला जागाच मिळाली नाही, तेव्हा ती म्हणायची, "फारच चांगली आहे. अशी माणसं टिकत नाहीत." आणि खरोखरच संगिता आजारी पडून गेली. त्या दिवशी हिराताई चुऱ्यांच्या घरी भाताचं पातेलं घेऊन गेली, सगळ्यांना वाढलं, भांडी घासली, आणि कुणाशी एक शब्द न बोलता परत आली. तेव्हापासून "टिकत नाहीत" हा शब्द तिनं पुन्हा तोंडातून काढला नाही. हरिश्चंद्राचा मुलगा ओंकार शिकून वसईला नोकरीला लागला, तिथेच त्यानं फ्लॅट घेतला. हरिश्चंद्र एकटा राहिला. दोन वाड्या, दोन म्हातारी होत चाललेली माणसं, मध्ये तार.

आता त्या नाटकाबद्दल सांगायला हवं, कारण सगळी भानगड तिथेच झाली. नाटकाचं नाव 'यक्षाची खोडी'. गावच्याच एका गुरुजींनी लिहिलं होतं. गुरुजी गेले, नाटक मात्र जायचं नाव घेईना. दरवर्षी हनुमान जयंतीच्या जत्रेला तेच. दोन राजकुमार, दोन राजकन्या, चौघं रानात वाट चुकतात. याला ती हवी, तिला तो हवा, त्याला हिची मैत्रीण हवी. नुसता गुंता. एक खोडकर यक्ष येतो आणि झोपलेल्या राजकुमाराच्या पापण्यांवर जादूच्या फळाचा रस लावतो. जाग आल्यावर जो जीव पहिला दिसेल त्याच्यावर प्रेम बसणार! आणि राजकुमाराला दिसते कोण, तर लाकूडफाटा गोळा करणारी एक कजाग म्हातारी. तो तिच्या पाया पडतो, ती त्याला झाडूनं बडवते, लोक पोट धरून हसतात. शेवटी यक्ष गुंता सोडवतो, दोन लग्नं लागतात, आणि घोडं गंगेत न्हातं.

म्हातारीचं काम बाळ्या करायचा, पोफळीसारखा उंच गडी, दाढीवर पावडर थापून. राजकन्येचं काम मंडळाच्या अध्यक्षांची बायको सुषमा करायची. तिला नात झाली तरी राजकन्येचा मुकुट काही सुटेना. आणि राजकुमार? राजकुमार अर्थातच हरिश्चंद्र. केस रंगवलेले, पोट पट्ट्यात आवळलेलं, गुडघ्यांना तेल चोळलेलं. गावात दुसरा कुणी तयारच होत नव्हता. तरण्या पोरांना मोबाइलमध्ये तोंड घालून बसायचं होतं, प्रेम करायला वेळ कुणाला?

दिग्दर्शक होता नविन. याचा डहाणू रोडला स्टेशनसमोर फोटो स्टुडिओ. एकदा कुठल्याशा मालिकेत प्रेताचं काम मिळालं होतं त्याला. चादरीखालून पाय दिसले होते म्हणे. तेव्हापासून गळ्यात स्कार्फ घालून हिंडतो, तेही ऐन एप्रिलात, जेव्हा डहाणूतली कुत्रीसुद्धा गटारात जाऊन बसतात. हिराताई त्याला 'प्रेत' म्हणायची. तोंडावर.

तर त्या वर्षी, नाटकाच्या आधी काही दिवस, हरिश्चंद्र कुंपणापाशी आला. हिराताई चिकू धुवायच्या टाकीवर उभी होती. तिच्याकडे काम करणारी बुधीबाई, तलासरीच्या बाजूच्या पाड्यावरची, शेजारीच टोपल्या उपसत होती. बुधीबाई जन्मभर या वाडीत राबली. हिराताईला उलट बोलायचा हक्क गावात फक्त तिला.

"हिरा," हरिश्चंद्र म्हणाला, "ओंकार न्यायला येतोय. वाडी ठेक्यानं द्यायची म्हणतोय. नाटक झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी."

"मग जा की. मला कशाला सांगतोस? गाडी मी ढकलायची आहे?"

तो हसला. तसंच, तेच हसणं. "तू राहा म्हणालीस तर राहतो."

टाकीत चिकू बुडबुडत होते. हिराताईनं एक उचलला, पुसला, पुन्हा पाण्यात टाकला. पुन्हा उचलला.

"या वयात लाज नाही वाटत?" ती म्हणाली.

"वाटते की. म्हणून तर एवढी वर्षं विचारलं नाही. आता एकदाच विचारीन. नाटक झालं की येईन कुंपणापाशी. नाही म्हणालीस तर सकाळी गाडीत बसतो."

तो गेला. बुधीबाई टोपली खाली ठेवून कमरेवर हात देऊन उभी राहिली. "बाय, तो चिकू धुवून धुवून सालटा निघला त्याचा."

"तू तुझं काम कर."

"करतां ना. पर सांग एक. गेला तं कुणाला शिव्या घालशील?"

हिराताईनं तो चिकू पाण्यात आपटला आणि घरात गेली. तिला राग आला. त्याचा आला, बुधीबाईचा आला, आणि सर्वांत जास्त स्वतःचा आला, कारण सकाळी उठल्याबरोबर तिचे डोळे आपोआप कुंपणापलीकडे जात होते, तो उठलाय का, चूल पेटलीय का, खोकतोय का हे बघायला. किती वर्षं जात होते कोण जाणे. एवढा मोठा फुटका चिकू आपल्याच पेटीत ठेवून ती सगळ्या गावाला निवडत बसली होती.

राहा म्हणायचं हे तर तिचं ठरलं. पण म्हणायचं कसं? जन्मभर त्या तोंडातून कुणाला गोड शब्द गेला नव्हता. या वयात तोंडाला नवीन वळण लावायचं म्हणजे म्हशीला भरतनाट्यम शिकवण्यासारखं. मग तिला एक युक्ती सुचली, आणि ती स्वतःवरच खूश झाली. बोलायचंच नाही! नाटकाच्या दिवशी सकाळी तिनं बुधीबाईच्या नवऱ्याला, हाल्याला, बोलावलं आणि टाकीसमोरची तार तोडायला लावली. दोन खांब उपटले, माणूस सरळ चालत येईल एवढी वाट केली, खालची माती सारखी केली. तो दिवसभर मांडवात असणार, नाटकानंतर कुंपणापाशी येणार, आणि बघतो तर कुंपणच नाही. समजेल त्याला. एवढा काही तो मूर्ख नाही. नाही म्हणजे, आहे, पण एवढा नाही.

"आता हे बरां झालां," बुधीबाई म्हणाली आणि पदरात तोंड लपवून हसली.

"हसतेस काय? गाईला यायला वाट केलीय."

"हां हां. गायच."

नाटक दिवस मावळताच सुरू झालं. देवळामागच्या मोकळ्या जागेत मांडव, बाजूला चिकूची झाडं, समोर सगळा गाव. हिराताई पुढच्या रांगेत, नेहमीची कापडी पिशवी मांडीवर. दरवर्षी पुढच्याच रांगेत बसायची, कारण नावं ठेवायला तिथून नीट दिसायचं. नविननं या खेपेस सगळ्यांच्या गळ्याशी छोटे माइक लावले होते. राजकन्या सुषमा धापा टाकत होती ती धापसुद्धा मारुतीच्या कळसापर्यंत ऐकू जात होती.

यक्षाचं काम चिमणकडे. चिमण गुणी नट, पण जत्रेच्या दिवशी ताडी पिऊ नये असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय? दुपारपासून बसला होता. राजकुमार झाडाखाली झोपला, संगीत वाजलं, यक्ष नाचत आला, आणि कमरेच्या बटव्यात हात घालतो तो काय, गुलाबपाण्याची बाटली नाही! विसरला. नाच चालू, पेटी वाजतेय, लोक बघतायत. चिमणनं काय करावं? मांडवाच्या कडेला वाकलेल्या फांदीचा एक हिरवा चिकू तोडला आणि देठाचा पांढरा चीक पिळून राजकुमाराच्या दोन्ही पापण्यांवर चोळला. चांगला, भरपूर.

अरे, चिकूच्या गावात जन्मलेला माणूस तू! शेंबडं पोरसुद्धा तोडलेला हिरवा चिकू अंगापासून लांब धरतं. त्या चिकानं बोटाला बोट चिकटतं, पापण्यांचं काय घेऊन बसलात? पण ताडी पोटात गेली की चिकू आणि गुलाब सारखेच.

यक्ष गेला. राजकुमारानं उठायचं, डोळे उघडायचे आणि समोर उभ्या बाळ्याला, म्हणजे म्हातारीला, बघून वेडं व्हायचं. राजकुमार उठला. डोळे मात्र उघडेनात. पापण्या अशा चिकटल्या होत्या की हलेनात. तो चाचपडला, सुषमाच्या झगमगत्या घागऱ्यावर पाय पडला, ती किंचाळली. बाळ्या घाबरून झाडूसकट आत पळाला. लोकांना वाटलं नवीन विनोद, टाळ्या पडल्या. पडद्याआडून नविन ओरडत होता, "डोळे उघड! अरे, एक्स्प्रेशन दे!"

"उघडत नाहीत," राजकुमार म्हणाला. माइकमधून सगळ्या गावानं ऐकलं. "जळतंय रे."

हिराताई कधी उठली ते तिचं तिलाच कळलं नाही. चिकूच्या दिवसांत खोबरेल तेलाची बाटली तिच्या पिशवीत असायचीच, हातांचा चीक काढायला. चार पायऱ्या चढून ती रंगमंचावर गेली, हरिश्चंद्राला खांद्याला धरून खाली बसवलं, पदराला तेल लावलं आणि पापण्या पुसायला लागली. आधी एक, मग दुसरी. हळूहळू, मुळापासून. बाहेर हशा फुटला होता. "म्हातारी आली! खरी म्हातारी आली!" कुणी शिट्टी मारली. नविननं पेटीवाल्याला खूण केली, पेटी सुरू झाली.

तेलानं चीक सुटला. हरिश्चंद्रानं डोळे उघडले. लालबुंद झालेले, पाणी येत असलेले. त्याला समोर हिराताई दिसली, पदर तेलात भिजलेला, कपाळावर घाम. तो राजकुमाराचं वाक्य विसरला. गळ्याशी माइक आहे हेही विसरला.

"हिरा," तो म्हणाला, "राहू का?"

गावानं ऐकलं. मारुतीनं ऐकलं. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत एक गंमत पसरली, आणि सगळी तोंडं तिच्याकडे वळली. चुऱ्यांची, सावेंची, ज्यांना तिनं जन्मभर नावं ठेवली ती सगळी. सुषमा मुकुट सावरत कुत्सित हसत होती. नविन स्कार्फ चावत होता. आणि हिराताईच्या तोंडात 'राहा' हा शब्द अगदी ओठांपर्यंत आला, खरंच आला. पण त्या जिभेला एकच रस्ता माहीत होता. जित्याची खोड!

"राहून काय करणार?" ती म्हणाली. "फुटका चिकू पेटीत घालायचा नसतो. जा, मुलाच्या घरी जाऊन पिकत बस."

मांडव कोसळेल एवढा हशा. टाळ्या थांबेनात. हरिश्चंद्रही हसला. पण या वेळी आधी तो हसला नाही, सगळ्यांच्या नंतर हसला. मग हात जोडले, वाक्य आठवलं, आणि पुढचं नाटक नीट केलं.

शेवटी बक्षीससमारंभ. नविननं माइक हातात घेतला आणि जाहीर केलं की या वर्षीचं उत्कृष्ट अभिनयाचं पारितोषिक श्रीमती हिरकणी सावे यांना, त्यांच्या सहजसुंदर उत्स्फूर्त भूमिकेसाठी. अध्यक्षांनी शाल पांघरली, नारळ दिला, ढाल दिली. प्रेतच ते, त्याला काय कळणार! हिराताई ढाल हातात घेऊन उभी राहिली. एवढ्या गर्दीत एकालाही कळलं नाही की बाई रडतेय. घाम म्हणाले.

तो कुंपणापाशी आला नाही. का यावं? उत्तर तर मिळालं होतं, सगळ्या गावासमोर. पहाटेपासून ती तोडलेल्या तारेपाशी पाटावर बसली, चहाचे दोन पेले घेऊन. त्यानं एकदा इकडे यावं, एकदा बघावं, एवढंच. पण ओंकारची गाडी रस्त्याच्या बाजूला उभी होती आणि सामान पुढच्या दारानं गेलं. कुंपणाच्या बाजूला कुणी फिरकलंच नाही. हॉर्न वाजला, धूळ उडाली. दोन्ही पेल्यांवर साय आली.

मग वर्ष गेलं. चुऱ्यांची वाडी ठेकेदारानं घेतली. त्याची बकरी त्या वाटेनं येऊन हिराताईची कोवळी रोपं खायची. बुधीबाई म्हणायची, "बाय, तार लावून टाकूं." हिराताई म्हणायची, "राहू दे." बकरी हाकलायची, पण तार लावू द्यायची नाही. गावानं याचेही अर्थ लावले. ठेकेदाराशी काहीतरी साटंलोटं असणार, असं शहाण्यांचं मत पडलं. या गावाकडून दुसरी अपेक्षा काय करणार?

आणि बोलणं कमी झालं तिचं. चिकू निवडता निवडता मध्येच हात थांबायचा. फुटका चिकू मागे फेकायच्या आधी उगीच वास घेऊन बघायची. एकदा एक खाल्लाही. बुधीबाईनं विचारलं, "कसा हाय?" तर म्हणाली, "गोड आहे मेला."

पुढची जत्रा जवळ आली तसा नविन दारात. स्कार्फ नवीन. "हिराताई, तुमचा सीन स्क्रिप्टमध्ये घातलाय. म्हातारीचं काम तुम्हीच. बाळ्याला काढलं. राजकुमार माझ्या स्टुडिओतला उमेश करतोय. तो विचारणार 'राहू का?', तुम्ही तेच म्हणायचं, फुटका चिकू. पब्लिक तेवढ्यासाठी येणार आहे!"

"चालता हो."

"आणि हरिभाऊंचा सत्कार आहे यंदा, प्रमुख पाहुणे. ओंकार घेऊन येतोय."

हिराताई झाडू मारत होती. झाडू थांबला. "तालीम कधी आहे?" तिनं विचारलं.

नविन आजतागायत सांगतो की आपण पटवून दिल्यामुळे बाई तयार झाली. सांगू दे.

नाटकाच्या संध्याकाळी हरिश्चंद्र पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर होता, गळ्यात हार, मांडीवर नारळ. केस रंगवलेले नव्हते. पांढरे. वाळलाही होता. वसईच्या फ्लॅटनं माणूस अर्धा करून पाठवला होता. बाजूला ओंकार, चारोटीला हायवे सोडल्यापासून रस्ता किती खराब आहे हे शेजाऱ्याला सांगत. पडद्याच्या फटीतून हिराताईनं हे सगळं बघितलं. तिच्या तोंडावर नविननं सुरकुत्या काढल्या होत्या, खऱ्या सुरकुत्यांवर खोट्या. त्याच्यासमोर तेच वाक्य पुन्हा म्हणायचं? आणि नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

उमेश राजकुमार उठला. डोळे चोळले. लोक आधीच हसायला लागले होते. "हिरा," उमेश ओरडला, गुडघ्यावर बसून, छातीवर हात ठेवून, "राहू का?"

हिराताईनं पहिल्या रांगेत बघितलं.

आणि काय बघितलं? झोपला होता! हार गळ्यात, नारळ मांडीवर, मान खांद्यावर, तोंड उघडं. अहो, ज्या वाक्यासाठी बाईनं वर्षभर चहा गोड करून प्यायला नाही, ते वाक्य चाललं असताना हा गृहस्थ घोरत होता. असल्या माणसाला काय म्हणावं? प्रवास झाला होता, वय झालं होतं, हे सगळं खरं. पण झोपावं?

"डायलॉग!" नविन पडद्याआडून खेकसला.

हिराताईनं झाडू उमेशच्या हातात दिला. पायऱ्या उतरली. मांडवातून 'अरे, अरे' असा आवाज उठला. ती पहिल्या रांगेत गेली, मधल्या खुर्चीसमोर उभी राहिली, आणि हरिश्चंद्राच्या खांद्याला धरून त्याला गदागदा हलवलं.

"ऊठ, नाटक्या."

त्यानं डोळे उघडले. दिव्यांमागून काजळाच्या सुरकुत्यांचा, पिंजारलेल्या केसांचा एक चेहरा त्याच्यावर वाकला होता. जाग आल्यावर पहिला दिसला तो हाच. त्यानं पापण्या मिटल्या, पुन्हा उघडल्या.

"नाटक संपलं?" त्यानं विचारलं.

"संपलं. राहा," हिराताई म्हणाली. माइक होताच, सगळ्या गावानं ऐकलं. कुणी हसलं नाही. "कुंपण वर्षभर उघडं ठेवलंय. बकऱ्यांनी माझी रोपं खाल्ली, मेल्या, तू काही आला नाहीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओंकारची गाडी चारोटीकडे गेली. मागच्या सीटवर चिकूच्या दोन पेट्या होत्या, आणि पुढे ओंकार, एकटाच.